भारा उचलू लागा

वाशीम, ६ डिसेंबर १९२८

केनवड बाजारचे दोरखंडाधिपती रहमतुल्ला यांस विश्वंभरशास्त्र्याचा नमस्कार आणि सलाम. दोन्हींपैकी जो लागू पडेल तो घ्यावा, उरलेला परत पाठवावा.

तुला वाटेल, दोन वर्षांनी शास्त्र्याला आठवण झाली म्हणजे काहीतरी काम असणार. बरोबर वाटेल.

आमच्या शाळेत संस्कृतचा वर्ग आहे हे तुला ठाऊक आहे. त्या वर्गात तीनच विद्यार्थी आहेत हे मी तुला कळवलं नव्हतं. एक झोपतो, दुसरा त्याला उठवतो, आणि तिसरा, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हरिसिंग, खरोखर शिकतो. बावीस जानेवारीला शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "शास्त्रीबुवा, संस्कृतचा इंग्रजीला काही उपयोग आहे असं साहेबांना पटवून द्या. नाहीतर ती खोली सुतारकामाच्या वर्गाला जाईल." खोली गेली की मी गेलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी रंधा हातात धरला, तर आमच्या घरच्या प्रयागबाईच्या मते आधी स्वतःलाच तासून घेईन.

साहेबाच्या भाषेशी माझा संबंध एका फळीपुरता. फळीपलीकडे इंग्रजीचा वर्ग भरतो. चार महिने तिकडची पोरं एका सुरात घोकताहेत: बेअर, बोअर, बॉर्न. अलीकडे मी शिकवतो आहे: भृ, भरति, बिभर्ति. परवा दोन्हीकडचा सूर एकमेकांत मिसळला आणि हरिसिंगनं विचारलं, "गुर्जी, हे अन् ते एकाच घरचं हाये काय?" मी त्याला गप्प बसवलं, शिक्षकाचं ते कर्तव्यच आहे. पण जेवताना हातातला घास हातातच राहिला.

तू सर्व्हेच्या कचेरीत मुन्शी होतास तेव्हा तुझ्या साहेबानं विलायतेला जाताना खानसाम्याला कोंबड्या दिल्या आणि तुला तो जाडा इंग्रजी कोश. कोण फायद्यात राहिलं ते तुझा अल्ला जाणे. त्या कोशात "बेअर" या क्रियापदाचे अर्थ काय काय दिलेत आणि मूळ कुठलं सांगितलंय, तेवढं उतरवून पाठव. आणि एकदा स्वतःही ये. केनवड काही काशी नव्हे, की तिकडे गेलेला माणूस परतू नये.

तुझा
विश्वंभर

केनवड, १४ डिसेंबर १९२८

पंडत विश्वंभरशास्त्री यांस रहमतुल्लाचा सलाम. नमस्कार उरला तो ठेवून घेतला, बाजारात खपून जाईल.

दोन वर्सानं याद आली ते बी इंग्रजीच्या कामासाठी! गंगेच्या पुजाऱ्यानं आडाचं पानी मांगावं तसं झालं हे.

कोश हाये. पन वाळवीनं मांगच्या अंगानं खाल्ला. एसपासून पुढचं सारं इंग्रजी तिच्या पोटात गेलं. तुझं नशीब का तुझं क्रियापद बीत निघालं.

घे लिहून. बेअर म्हंजे ओझं वाहनं. बेअर म्हंजे सोसनं. बाईनं लेकरू जन्माले घालनं, ते बेअर. झाडाले फळ येनं, ते बी बेअर. कोर्टात साक्ष देनं बेअर, नाव लावनं बेअर, मनात अदावत, दुस्मनी धरनं बेअर. रस्त्यानं चालता चालता डाव्या अंगाले वळलं तरी बेअर; आता वळनाऱ्यानं कोनतं ओझं वाह्यलं ते साहेबालेच पुस. अन् त्याच पानावर, त्याच अक्षरांचं एक अस्वल बी बसून हाये. त्याचा या घरान्याशी संबंध नाई, असं कोश म्हनते. अस्वलाले पुसलेलं दिसत नाई.

आता लेकरंबाळं. बर्डन म्हंजे ओझं. बर्थ म्हंजे जन्म. बिअर म्हंजे तिरडी. प्यायची ते अलग. पाह्य पंडत, पाळन्यापासून तिरडीपर्यंत साहेबाले एकच क्रियापद पुरते! तुह्या व्याकरनात त्यासाठी धा धातू लागले असते अन् त्यातले चार अपवाद निघाले असते.

मूळ: जुन्या इंग्रजीत बेरन, लॅटिनात फेरे, युनानीत फेरेइन. अन् शेवटी, सगळ्यात लहान अक्षरात, संस्कृत भृ. हे कानावर पडलं तवा तुह्या शेंडीचा झेंडा झालेला मले इथं बसून दिसला.

मले येनं जमत नाई. हंगाम हाये. दोराले अन् बारदानाले गिऱ्हाइक लागलं हाये.

रहमतुल्ला

वाशीम, २० डिसेंबर १९२८

रहमत,

झेंडाच झाला. पत्र वाचून मी वर्गात उभा राहिलो आणि तिन्ही विद्यार्थ्यांना सांगितलं की साहेबाची भाषा ही आपल्या संस्कृतची लेक आहे, लहानपणी हरवलेली, थंडीत वाढलेली, म्हणून जरा आखडलेली. झोपणाराही जागा झाला. साहेबांपुढे हेच मांडायचं, असं ठरवलं आहे. आईला घराबाहेर काढून तिच्या खोलीत सुतार बसवायला कुठला सभ्य मनुष्य धजेल?

घरी येऊन हिला समजावलं. म्हटलं, या एका धातूत सगळा संसार आहे. भर्ता म्हणजे जो वाहतो, पोसतो तो. भार्या म्हणजे जिला वाहायचं ती. प्रयागबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असं होय? मग विहिरीवरून दोन घागरी आणा. अठ्ठावीस वर्षं भार्याच भर्त्याला पाणी घालते आहे. धातू उलटा बसलेला दिसतो." मी म्हणालो की माझं नावच विश्वंभर, विश्वाला वाहणारा. "विश्व राहू द्या," ती म्हणाली, "घागर आणा." आणली. येताना निम्मी सांडली. विश्वाचं काय होत असेल ते आता मला कळलं.

एक विचारायचं राहिलं. तू मोडी सोडून बालबोध कधीपासून लिहायला लागलास? अक्षर मोत्यासारखं झालंय. आणि पूर्वी तुझ्या पत्रात "सदरहू" आणि "दरोबस्त" यांच्यामधून तुला शोधावं लागे. आता तू बोलतोस तसाच कागदावर उतरतोस. म्हातारपणी माणूस सुधारतो हे मला नवीन आहे.

विश्वंभर

केनवड, २९ डिसेंबर १९२८

पंडत,

घागर सांडली हे वाचून आमची घरवाली मेहरबी एवढी हसली का तिची भाकर करपली. त्याचा दोष तुह्यावर.

पन तुह्या त्या लेकीच्या गोष्टीवर मी हसलो नाई. वाशीमची ते भिंत याद कर. इकडं मौलवीसाहेबाचा मक्तब, तिकडं तुझी पाठशाळा, मधात एक भिंत अन् भिंतीले एक भोक. तू त्या भोकातून मले रूप चालवून दाखवत होता, मी तुले फारसी. आठवते का? बुर्दन म्हंजे वाहनं, नेनं. बार म्हंजे ओझं. हुक्का वाहनारा हुक्काबरदार. झेंडा वाहनारा अलमबरदार. अन् ओझं ज्याच्यात भरायचं ते बारदान! मुन्शीगिरी सुटली तवापासून मी ते विकून राह्यलो, अन् तुले ते दिसलं नाई काय?

मंग सांग, फारसी बी तुह्या संस्कृतची लेक काय? तिले कधी बारसं घातलं होतं? अरे, कोशात "लेक" कुठं बी लिहिलं नाई. नुसते एकापुढं एक नावं मांडले हाये. या साऱ्या बहिनी हाये पंडत. माय त्यायची कवाच मेली, तिचं नाव बी कोनाले ठाऊक नाई. अन् बहिनीबहिनीत जी पयले वाड्यात येऊन बसते ते सोताले माय म्हनवून घेते.

साहेबाले बहिनीच सांग. खोटं सांगशीन तर फसशीन.

अक्षराचं काय घेऊन बसला? मोत्यासारखं हाये ना? मंग वाच.

रहमतुल्ला

वाशीम, १० जानेवारी १९२९

रहमत,

तुझं म्हणणं खरं असेल. म्हणूनच ते उपयोगाचं नाही. बहीण म्हटलं की साहेब म्हणणार, बहिणीनं दुसरीकडे बिऱ्हाड करावं. आईचं तसं नसतं. चौदा पानांचं व्याख्यान लिहून काढलं आहे, मातृत्वावर. फारसीचा उल्लेख नाही. बारदानाचा तर नाहीच. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं आणि "बाराच मिनिटं मिळतील" एवढंच म्हणाले. घरी म्हणून पाहिलं तर चाळीस लागली. ही मध्येच उठून दळायला बसली.

खोटं पाठ होत नाही, एवढी एक अडचण आहे. कागद हातात धरूनच वाचावं लागेल.

विश्वंभर

वाशीम, २३ जानेवारी १९२९

रहमत,

काल साहेब आले. घडलं ते क्रमानं सांगतो. हसायचं असेल तर शेवटी हस.

सकाळी स्नानसंध्या करून, लाल पगडी घालून, चौदा पानांची सुरळी हातात धरून निघालो. डाकबंगल्याच्या वाटेवर गवत विकणारी पंचफुला आपला भारा खाली टाकून बसली होती. लांबूनच ओरडली, "ओ शास्त्रीबुवा! भारा उचलू लागा!"

मी म्हणालो, "बाई, साहेब यायची वेळ झाली आहे."

"साहेब तर गेला बी! आत्ता घोड्यावरून गेला. मी दोन्ही हात वर करून मनलं, बाप्पा, जरा हात लाव. तर त्यानं टोपी उचलली, दात दाखवले अन् गेला चालला. टोपी उचलाले त्याले कोनी सांगितलं होतं? माहा भारा का त्याच्या डोक्शावर होता?"

"दुसरं कोणी येईल की."

"कवाची बसून राह्यली. एक टोपीवाला आला, एक पगडीवाला. अन् काहून हो, वाटेवरचा भारा सोडून जाता येते काय?"

येत नाही. तुला हे सांगायला नको. दोन कोस ओझं डोक्यावर वाहील ती बाई, पण जमिनीवरून डोक्यावर एकटीनं घेता येत नाही. म्हणून वाटेनं जो जाईल त्यानं हात लावायचा. त्यात जात बघत नाहीत, विटाळ नाही, दावा चालू असला तरी तेवढ्यापुरता तो बंद. पाटील घोड्यावरून उतरून हात लावतो. मी मोकळा व्हावा म्हणून सुरळी भाऱ्याच्या दोरीत खोचली, धोतर सावरलं, "हं" म्हटलं, आणि भारा वर गेला. माझी पगडी खाली आली. ती मी झटकून घालेपर्यंत पंचफुला वळणाआड गेली होती.

सुरळीसकट.

तो भारा कुणासाठी होता, विचार. साहेबाच्याच घोड्यासाठी! चपराशानं संध्याकाळी पाच पानं आणून दिली, तीही कडांनी चावलेली. उरलेलं मातृत्व घोड्यानं पचवलं.

वर्गात शिरलो तर साहेब खुर्चीवर, हेडमास्तर घामाघूम, आणि माझ्या पगडीत गवत. साहेबाला हिंदुस्थानी येतं, मोडकं मराठीही. त्यानं गवताकडे बोट दाखवून विचारलं, "पंडित, ये क्या है?" माझ्याजवळ कागद नव्हता, म्हणून घडलं तेच सांगितलं. ती बाई सलाम करत नव्हती, हात मागत होती, हे ऐकल्यावर साहेब कानापर्यंत लाल झाला. हेडमास्तर पांढरे झाले. मला वाटलं, गेली खोली. जाते आहेच तर बोलून घ्यावं. फळ्यावर चार शब्द लिहिले: भार, बार, फेरे, बेअर. आणि रहमत, मला त्या चौदा पानांतली एक ओळ आठवेना. तोंडातून निघालं ते तुझंच, तुझ्या कोशासकट आणि दोरखंडासकट. या बहिणी आहेत, साहेब. आई कोण, ते कुणाला ठाऊक नाही. हे मला शहाणपण म्हणून सुचलं नाही. खोटं लिहून ठेवलेलं होतं आणि ते घोड्याकडे होतं.

शेवटी म्हणालो, "साहेब, तुमच्या या क्रियापदाला जन्मापासून तिरडीपर्यंत सगळे अर्थ आहेत. पण जो ओझं नेत नाही, नुसता उचलू लागतो, त्याच्यासाठी एकही नाही. म्हणून आपण टोपी उचललीत."

साहेबानं टोपी मांडीवर घेतली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "है, पंडित. हमारे जहाजवाले कहते हैं, बेअर अ हँड. मतलब, आव, हात लगाव." आणि मोठ्यानं हसला. मग हेडमास्तरही हसले, कारण ती परवानगी होती.

हुकूम असा: तेरा एप्रिलला इथे वऱ्हाडातल्या मास्तरांची सभा आहे. तिच्यापुढे हे सगळं पुन्हा मांडायचं. संस्कृत मी, फारसी "वो रस्सीवाला मुन्शी", आणि मध्ये तो कोश. मास्तरांना पटलं तर वर्ग राहील. तोवर सुतारकाम व्हरांड्यात. म्हणजे माझी भाकरी आता तुझ्या बारदानात आहे.

आणि एक सांग. तू एवढे अर्थ लिहिलेस, डावीकडे वळण्याचासुद्धा. हात लावण्याचा तेवढा कसा राहिला? का वाळवी एसकडून बीकडे आली?

विश्वंभर

केनवड, ३१ जानेवारी १९२९

शास्त्रीबुवा यांस सलाम.

साहेब हसला, बरं झालं. तो अर्थ राह्यला असंल. पान मोठं हाये.

सभेले मले येनं होनार नाई. गुडघा धरला हाये. कोश गाडीवाल्यासंगं धाडून देतो. फारसीचे चार शब्द तुले मालूम हायेतच, तूच बोल.

रहमतुल्ला

वाशीम, ७ फेब्रुवारी १९२९

रहमतुल्लाशेठ यांस,

"शास्त्रीबुवा" म्हणालास! चाळीस वर्षांत तू मला पंडत, पोंगापंडत, भोकातला पंडत, सगळं म्हणालास, बुवा पहिल्यांदाच. पत्रात एकही टवाळी नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, पाठीमागची बाजूही पाहिली.

गुडघा दुखतो तर बैलांची दमणी पाठवतो. दमणीत गुडघ्याला काम नसतं. नाही, गुडघ्याचं काही नाही. तू रुसला आहेस. मी तुझी फारसी चौदा पानांतून वगळली, ते तुला लागलं. ते चुकलंच. पण घोड्यानं त्याची शिक्षा केली की. सगळ्या गावानं मला विचारून झालं, "शास्त्रीबुवा, घोड्याले संस्कृत पचलं काय?"

तुझ्याशिवाय मी सभेत उभा राहणार नाही. फारसी शब्द मला येतात. पण फारसीवाला शेजारी बसून नाक मुरडतो आहे हे दिसल्याशिवाय त्या बहिणी आहेत हे कोण मानेल? यायचं नसेल तर नको येऊस. मी रंधा मारायला शिकेन.

विश्वंभर

केनवड, १२ फेब्रुवारी १९२९

तीर्थस्वरूप शास्त्रीकाका यांस शाहजादीचा आदाब.

हे पत्र अब्बांनी सांगितलेलं नाही. या आधीचं प्रत्येक पत्र त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. अक्षर माझं आहे. तुम्ही मोत्यासारखं म्हणालात तेव्हा वाचून दाखवताना मला लाज वाटली, पण ती ओळ मी गाळली नाही.

अब्बांना दिसत नाही. दोन वर्षं होत आली. आधी धूर दिसायचा, आता उजेड आणि अंधार एवढंच. बाजारात कोणाला कळू देत नाहीत. दोर बोटांनी ओळखतात, गिऱ्हाइक आवाजानं. वाशीमला येत नाहीत ते एवढ्याचसाठी. म्हणतात, तिथली वाट पायाखालची नाही, आणि पंडत डोळ्यांकडे बघून बोलतो.

काल रमजानचा चांद पाहायला सगळे छतावर गेलो. चांद बाभळीवर होता. अब्बांनी मोठ्यानं "तो पाह्य!" म्हटलं आणि बोट चिंचेकडे दाखवलं. अम्मीनं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग आम्हीही सगळे चिंचेकडे वळलो.

कोश मी वाचून दाखवते. डोळे होते तोवर त्यांनीच मला त्याच्यावर इंग्रजी शिकवलं, म्हणून मला एपासून आरपर्यंतच येतं. काका, तो हात लावण्याचा अर्थ पानावर होता. मी वाचला. अब्बा म्हणाले, "हे नको लिहू. पंडताच्या कामाचं नाही."

अकोल्याला डोळ्यांचा डॉक्टर आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण इथल्या जगदेव कोतवालाचा डोळा मोतीबिंदू काढणाऱ्या एका फिरत्या सुईवाल्यानं घालवला, तेव्हापासून नाव काढू देत नाहीत. तुमच्यावर ते रुसलेले नाहीत. तुमची घागरीची गोष्ट माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली.

मी हे लिहिलं हे त्यांना सांगू नका. सांगितलं तरी चालेल.

शाहजादी

वाशीम, १६ फेब्रुवारी १९२९

रहमत,

बेटी शाहजादी, हे पत्र मोठ्यानं वाच. त्यांनी "पुरे" म्हटलं तरी थांबू नकोस. उठून गेले तर मागोमाग जा. गुडघा दुखतोय, फार लांब जाणार नाहीत.

तर रहमत, चोरा. मी अक्षर ओळखलं नाही, भाषा ओळखली नाही, "कानावर पडलं" असं तू स्पष्ट लिहिलंस तेही मला कळलं नाही. तुला दिसत नाही हे मला दिसलं नाही. आंधळा कोण याचा निकाल मास्तरांच्या सभेत लावू.

सोमवारी सकाळी मी दमणी घेऊन केनवडला येतो. मंगळवारी वाशीम, तिथून मोटारीनं अकोला. तिथला डॉक्टर सुईवाला नाही. हेडमास्तरांच्या आईचे दोन्ही डोळे त्यानं उघडले, आणि तेव्हापासून हेडमास्तरांची बायको त्याला शिव्या देते. याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? रोजा आहे म्हणू नकोस. आजाऱ्याला सूट असते. मला हे कसं ठाऊक, ते विचारू नकोस. भिंतीला भोक होतं.

आता नीट ऐक. वाटेवरचा भारा सोडून पुढे जाता येत नाही, हा जाणाऱ्याचा नियम. पण ज्याचा भारा त्याचाही एक नियम आहे, तो पंचफुला पाळते आणि तू मोडलास. त्यानं हाक मारायची असते. ती लाजून गप्प बसली असती तर अजून तिथेच बसलेली असती आणि साहेबाचा घोडा उपाशी, माझी चौदा पानं शाबूत, आणि माझी खोली सुताराकडे. डोळा तुझा आहे. दुखणं तुझं, भीती तुझी. ते मला वाहता येणार नाही. मला घागर वाहता येत नाही, तुला ठाऊकच आहे. मी फक्त उचलताना हात लावणार. मग तू तुझ्या वाटेनं चालू लाग.

शाहजादी, सभेत कोश तू वाचायचा. अम्मीची हरकत असेल तर पडद्याआडून वाच. इन्स्पेक्टरापुढे आमचे मास्तरही सगळे पडद्याआडूनच बोलतात. आणि एसपासून पुढचं आलं तर वाळवीला विचारू.

सोमवारी भाकरी थोडी जास्त टाका. करपली तरी चालेल.

विश्वंभर

केनवड, १० मे १९२९

पंडत,

अक्षर पाह्य. मोडी हाये, वाकडं हाये, चार ठिकानी शाई सांडली हाये. पन माह्यं हाये.

काल चस्मा आला. भिंगं एवढी जाड का मेहरबी म्हनते, दोन पेल्यांचे बूड लावले वाटते. पयले मी काय केलं सांगू? तुह्या कागदांची पेटी उघडली. वर्ग राह्यला, सहा पोरं झाले, सुतारकाम व्हरांड्यातच चाललं हाये, हे तुझं मांगच्या मह्यन्यातलं पत्र मी सोता वाचलं. कोनाले पुसलं नाई. मंग शाहजादीनं माह्या नावानं लिहिलेल्या कागदांच्या नकला पाह्यल्या. त्या पोट्टीनं सारं जसंच्या तसं उतरवलं, एक शिवी बी खाल्ली नाई. सभेत ते पडद्याआडून वाचत होती तवा मास्तर लोकं उठून उभे राह्यले, असं तू मले सांगितलं होतं. माह्या डोळ्यावर डॉक्टरचा हिरवा कपडा होता. मले वाटलं, तू मन राखाले बोलून राह्यला. आता अक्षर पाह्यलं, मंग पटलं.

परवा तू आला तवा चस्मा नव्हता. आज दुपारी तू चस्मा पाहाले पुना दारातून आत आला, अन् मी तुले पाह्यलं. पंडत, तू लय म्हातारा झाला! शेंडी पार पांढरी, गालाचं बारदान लोंबून राह्यलं. मले कोनी सांगितलं काहून नाई? हिवाळ्यापासून मी काळ्या शेंडीच्या मानसाले कागद लिहून राह्यलो होतो.

तू गेल्यावर हे मी शाहजादीले सांगितलं. ते म्हने, "अब्बा, आरशात बी पाहा." पाह्यलं.

मंग चस्मा काढून ठेवला. ओझं वाहीन, डोळा कापून घेईन, तुझं संस्कृत बी ऐकीन. पन हे एवढं मले बेअर होत नाई.

रहमतुल्ला